दुपेडी मळसूत्र, वेढा आणि गुणसूत्र

प्रश्न : डीएनएवरचा एक लेख मराठीत लिहितो आहे. 'डबल हेलिक्स'साठी कुठे 'दुहेरी सर्पिल' दिसतं, कुठे 'नागमोडी रचना'. पुढे पेशीत डीएनए कसा बसवलेला असतो त्या भागात तर पीळ, वेढा, गुंडाळी, कोंबणे हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले आढळतात. काय पाळावं?

उत्तर : 'नागमोडी' आधी काढून टाका. नागमोडी वाट डावीउजवीकडे वळते, कशाभोवती फिरत नाही. 'सर्पिल' रूढ आहे, पण भूमितीत सर्पिल म्हणजे मध्यापासून फिरत फिरत दूर जाणारी रेषा. तिची त्रिज्या बदलत राहते. डीएनएचं तसं नाही. त्याची जाडी सुमारे २ नॅनोमीटर, ती सगळीकडे जवळपास तेवढीच, आणि एका फेऱ्यात साधारण १०.५ बेसजोड्या (दोन धाग्यांना जोडणाऱ्या पायऱ्या). अक्षाभोवती एकाच अंतरावरून फिरत पुढे सरकणाऱ्या रेषेला मराठीत मळसूत्र म्हणतात. स्क्रूचे आटे असेच असतात. शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी १९५२ मध्ये घेतलेल्या डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रात ठिपक्यांची जी ठळक फुली दिसते, ती मळसूत्राचीच खूण आहे.

'डबल'साठी 'दुपेडी' घ्यावा असं माझं मत. 'दुहेरी' म्हटलं की एकावर एक घडी डोळ्यांसमोर येते. पेड म्हटले की दोन वेगळे, एकमेकांना वेढून जाणारे धागे लगेच कळतात. फक्त एक सांगायला विसरू नका : डीएनएचे दोन पेड उलट दिशांनी जातात. अ‍ॅडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन या बेसजोड्या त्या उलटसुलट मांडणीतच नीट जुळतात.

आता पीळ आणि वेढा. हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवा. रेणूचा स्वतःचा तो पीळ. हा पिळलेला रेणू हिस्टोन प्रथिनांभोवती फिरतो तो वेढा. चार प्रकारची प्रत्येकी दोन, अशी आठ हिस्टोन प्रथिनं एकत्र येऊन एक गाभा होतो आणि त्याभोवती १४७ बेसजोड्यांचा डीएनए सुमारे १.६५ वेढे घेतो. हा न्यूक्लिओसोम. गंमत अशी की पीळ उजवा आहे आणि वेढा डावा! दोन्हींना 'गुंडाळी' म्हटलंत तर हे वाक्य लिहिताच येणार नाही. डीएनएच्या फॉस्फेटवर ऋण प्रभार, हिस्टोनमधल्या लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांवर धन प्रभार, म्हणून हा वेढा टिकतो.

'कोंबणे' मात्र नको. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो आणि केंद्रकाचा व्यास असतो काही मायक्रोमीटर, म्हणून तो शब्द सुचतो खरा. पण घनफळ काढून पाहा. २ नॅनोमीटर जाडीच्या २ मीटर धाग्याचं घनफळ साधारण ६.३ घन मायक्रोमीटर. ६ मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकाचं सुमारे ११३. म्हणजे डीएनएनं सहा टक्क्यांपेक्षाही कमी जागा व्यापली. जागा पुरते, गुंता न होता हवं ते जनुक हवं तेव्हा वाचता येणं, ही खरी अडचण आहे. म्हणून 'रचून ठेवणे' किंवा सरळ 'मांडणी' म्हणा.

पुरवणी प्रश्न : न्यूक्लिओसोमांच्या ओळीला 'मण्यांची माळ' म्हणावं का? आणि 'क्रोमॅटिनपासून गुणसूत्रं तयार होतात' हे बरोबर आहे का?

उत्तर : 'मण्यांची माळ' चालेल, पण लगेच खुलासा करा. माळेत दोरा मण्याच्या आतून जातो. इथे तो बाहेरून वेढे घेतो. हा फरक छोटा नाही. बाहेर असल्यामुळेच डीएनए वाचणाऱ्या प्रथिनांना तो काही ठिकाणी हाताशी येतो, आणि हिस्टोनच्या शेपटांवर (बाहेर आलेल्या टोकांवर) अ‍ॅसिटिल हे छोटे रासायनिक गट चढले की धन प्रभार कमी होऊन पकड सैल पडते.

दुसरं वाक्य बदला. ते वाचून वाटतं की एरवी गुणसूत्रं नसतातच. क्रोमॅटिन हे द्रव्याचं नाव, डीएनए आणि प्रथिनं मिळून झालेलं. गुणसूत्र हा त्या द्रव्याचा एकेक स्वतंत्र घटक. विभाजन चालू नसतानाही माणसाच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतातच, केंद्रकात प्रत्येकाचा आपापला भाग असतो, फक्त ती सैल पसरलेली असल्यानं साध्या सूक्ष्मदर्शकातून वेगळी ओळखता येत नाहीत. चित्रांतली फुलीसारखी आकृती विभाजनाच्या वेळची, तीही प्रत काढून झाल्यावरची : सारख्या दोन प्रती एका जागी जोडलेल्या. १८८८ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी 'क्रोमोसोम' हे नाव दिलं ते रंग पकडणाऱ्या याच कायांना. गुजरातीत आजही 'रंगसूत्र' म्हणतात.

तेव्हा वाक्य असं करा : 'विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं आखडून घट्ट होतात आणि वेगवेगळी दिसू लागतात.'