मदत हवी आहे: जर्मनीहून आलेले पैसे बँकेने अडवलेत, बंधारे रखडलेत

पऱ्याकाठची
नमस्कार मंडळी. घाईत आहे, थेट मुद्द्यावर येते. लांजा तालुक्यात आमची छोटी संस्था आहे. सात विश्वस्त, पगारी कोणी नाही. दरवर्षी बाहेरदेशची चार-पाच मुलं येऊन वाडीत राहतात, आमच्याबरोबर पाण्याची-झाडांची कामं करतात. यंदा पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, तीन बंधारे घ्यायचे ठरलेत. त्यासाठी २,८०,००० रुपये आले, पण दहा दिवस झाले तरी बँक जमा करत नाही. मॅनेजर रोज नवा कागद मागतो. अध्यक्ष मुलीकडे दुबईला, फोन लागला तर लागला. पऱ्याचं पाणी रोज बोटभर उतरतंय, धार तुटल्यावर बांधून काय अडवायचं? बँकेची तक्रार कुठे करतात, एवढंच सांगा. "धीर धरा" नको.

गवतीचहा
आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन. फुकट आहे. माझं एटीएमचं प्रकरण असंच सुटलं.

आकडेमोड
थांबा, तक्रार करू नका! पैसे पाठवले कोणी? आले कोणत्या खात्यात? एफसीआरए नोंदणी आहे का?

पऱ्याकाठची
नोंदणी आहे हो. २०१९ ची. ट्रस्टचा ई नंबर आहे, प्राप्तिकराचं १२ए आणि ८०जी पण आहे. खातं तालुक्याच्या सहकारी बँकेत.

आकडेमोड
ती धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी. मी केंद्रीय गृहखात्याची विचारतोय, परदेशी देणगी घेण्यासाठी लागते ती. ती असती तर पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत आले असते. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी पहिल्यांदा तिथल्याच खात्यात घ्यावी लागते, मग तुम्ही लांज्यात असा नाहीतर लडाखात. तालुक्याच्या बँकेत आली म्हणजे नोंदणी नाही. मॅनेजरने अडवून तुमच्यावर उपकारच केलेत.

पऱ्याकाठची
पण परदेशी माणसाने दिलेच नाहीयेत! देणारे आपले मराठी आहेत. मूळ साखरप्याचे, ३० वर्षं श्टुटगार्टला. गणपतीला येतात दरवर्षी. हे सुद्धा परदेशी झाले का?

सडेतोड
तीन वनराई बंधाऱ्यांना पावणेतीन लाख? गोण्यांना जरीकाठ लावलाय का? आमच्याकडे गावाने रविवारी श्रमदान केलं, खर्च चहा-पोह्यांचा.

पऱ्याकाठची
बंधारे दोन गोण्यांचे, एक दगडी. बाकी पैसे सौरपंप आणि वरच्या वाडीपर्यंतचा पाइप. लिहायचं राहिलं.

आकडेमोड
पंप बाजूला ठेवा. त्या गृहस्थांचा पासपोर्ट कुठला?

पऱ्याकाठची
असं कसं विचारायचं? वडीलधारे आहेत.

काका_कोथरूडकर
जर्मनीवरून आठवलं, औंधला ब्रेमेन चौक आहे तो पुणे-ब्रेमेन मैत्रीचाच. आणि मुंबई-श्टुटगार्ट ही जोडशहरं १९६८ पासून. तेव्हाची मैत्री वेगळीच हो. पत्रांतून चालायची.

मुसाफिर७२
काका, त्याही आधीचं सांगतो. पिएर सेरेसोल नावाचा स्विस गृहस्थ. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दूंजवळच्या गावात १९२० मध्ये त्याने पहिली श्रमछावणी भरवली, तीत जर्मन तरुणही होते. युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती! १९३४ चा बिहारचा भूकंप झाला तेव्हा तो इकडे आला, मुझफ्फरपूरच्या बाजूला गावं पुन्हा उभी करायला. स्वतः फावडं घेऊन. या ताईंची मुलं त्याच परंपरेतली. तेव्हा एफसीआरए नव्हतं.

सडेतोड
परंपरा वगैरे ठीक. मी पाहिलंय ते असं: गोरी मुलं येतात, शाळेची भिंत रंगवतात, फोटो काढतात आणि जातात. पुढच्या वर्षी नवी मुलं तीच भिंत रंगवतात. गावाला काय मिळतं?

पऱ्याकाठची
हा माझा प्रश्न नव्हता, पण उत्तर देते. मागच्या वर्षी आलेली मुलगी गोण्या गच्च भरायची. गोणी थोडी रिकामी ठेवायची असते, म्हणजे ती चपटी बसते. तिची पहिली रांग घरंगळून थेट पऱ्यात. आमच्या काकूंनी तिचा हात धरून दाखवलं: तोंड शिवायचं, शिवलेली बाजू आत, आणि वरची गोणी खालच्या दोघींच्या सांध्यावर. हे ती शिकली. आम्ही काय शिकलो? ती रोज सकाळी दोरीला गाठी मारून विहिरीचं पाणी मोजायची आणि वहीत लिहायची. आम्ही हसायचो. ती गेली, वही राहिली. आता सातवीच्या मुली लिहितात. यंदाचे बंधारे कुठे घालायचे ते त्या वहीवरूनच ठरलं. भिंत कोणी रंगवली नाही.

सडेतोड
वहीचं पटलं. गोण्यांचं आम्हाला येतंच.

भटकीसई
ताई, ती मुलं कोणत्या व्हिसावर येतात? आणि घरी परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत ऑनलाइन सी-फॉर्म (२०२५ पासून त्याचं नाव फॉर्म-३) भरावा लागतो, तो भरता ना? आमच्या होमस्टेवाल्या मावशींकडे पोलीस आले होते त्यावरून.

पऱ्याकाठची
टुरिस्ट व्हिसा. सी-फॉर्म अध्यक्ष भरतात. भरत असावेत. पैशांबद्दल कोणी बोलेल का?

भटकीसई
"असावेत" नको, आजच बघा. टुरिस्ट व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा चालते, पण जास्तीत जास्त एक महिना. त्यापुढे राहायचं तर संस्थेचं नाव घालून एम्प्लॉयमेंट व्हिसा, मानद कामासाठी मिळतो तो.

रानमेवा
मी सोपा उपाय सांगू का? पैसे तुमच्या बचत खात्यात मागवा, रोख काढा, बंधारा बांधा. आमच्या मंडळाने गणपतीची वर्गणी अशीच घेतली होती सिंगापूरहून. काही झालं नाही.

आकडेमोड
रानमेवा, हे सल्ले उघड्यावर देत जाऊ नका. परदेशी स्रोताचा पैसा मध्ये दहा हातांतून फिरवला तरी कायद्याने परदेशीच राहतो. पाच वर्षांपर्यंत कैद आहे या कायद्यात. आणि सापडतील त्या ताई, तुम्ही नाही.

रानमेवा
भारतात चांगलं काम करणाऱ्यालाच कायदे.

गवतीचहा
मग सीएसआर घ्या, कंपन्यांचा समाजकार्याचा निधी. कारखाने आहेत ना जवळ?

आकडेमोड
सीएसआर-१ फॉर्म लागतो, तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, आणि कंपनीच्या समितीची बैठक होईपर्यंत शिमगा येईल. पुढच्या वर्षासाठी कल्पना चांगली आहे, या पऱ्यासाठी नाही. ताई, पासपोर्ट?

पऱ्याकाठची
विचारलं शेवटी. श्टुटगार्टच्या काकांनी मागच्या वर्षी जर्मन नागरिकत्व घेतलं. ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे म्हणाले, आणि वर "अगं, मी काय परका आहे का?" मला बोलवेना.

आकडेमोड
तुम्हाला परके नाहीत, कायद्याला परके. नागरिकत्व भारतीय असतं तर ते जर्मनीत राहून, तिथल्या पगारातून देते, तरी परदेशी देणगी झाली नसती. ओसीआय मात्र परदेशी स्रोत. उलट बाजूही लक्षात घ्या: एखाद्या पाहुण्या मुलीने जाताना रुपयांत पाचशेची नोट देणगीपेटीत टाकली, तीही परदेशी देणगीच.

पऱ्याकाठची
म्हणजे पेटीसुद्धा? आणि मुलं राहण्या-जेवणाचे पैसे देतात त्याचं काय? रोजचे ६०० घेतो. ते तर घरांनाच जातात.

आकडेमोड
हा पहिला कामाचा प्रश्न. दिलेल्या सेवेचं रास्त शुल्क म्हणजे देणगी नाही, तशी सोय कायद्यात आहे. पण दर ठरलेला हवा, पावती हवी, नोंद हवी. खरं तर पैसे थेट घरमालकाला द्यायला सांगा, संस्थेच्या वहीत आणूच नका. मात्र काकांच्या २,८०,००० ना आता मागाहून "राहण्याचं भाडं" म्हणायला जाऊ नका, सव्वा वर्ष सलग राहिले तरी तेवढं होत नाही.

आता करायचं ते: बँकेला लेखी कळवा की ही रक्कम स्वीकारू शकत नाही, पाठवणाऱ्याला परत करा. त्याची प्रत ठेवा. मग काकांच्याच नावाचं संमतिपत्र आणि प्रकल्पाचा तपशील जोडून गृहखात्याकडे पूर्वपरवानगीचा अर्ज करा. पूर्ण नोंदणीला तीन वर्षं आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेला लागतो, तो तुमचा नसणार. पूर्वपरवानगीला ती अट नाही, पण तीन महिने सहज जातात.

पऱ्याकाठची
१५ लाख! आमचा सगळ्या वर्षांचा मिळून चार होत नाही. म्हणजे यंदा पैसे नाहीतच.

मुसाफिर७२
सेरेसोलकडेही नव्हते.

पऱ्याकाठची
मुसाफिर, तुम्ही येऊन फावडं घ्या, मग बोलू.

काका_कोथरूडकर
पैसे परत पाठवलेत म्हणून ते काका रुसतील, पण रजेवर येऊन दोन दिवस गोण्या भरू शकतात ना? श्रमाला कुठला फॉर्म?

भटकीसई
ओसीआयना त्यासाठी वेगळा व्हिसा नको. बोलवा त्यांना.

पऱ्याकाठची
(चार दिवसांनी) कळवायचं राहिलं. बँकेला पत्र दिलं, मॅनेजरने हुश्श केलं आणि चहा पाजला. दहा दिवस हेच सांगत होतो म्हणाला; त्याने "स्रोत" म्हटलं की मी काकांचा पत्ता देत होते. अध्यक्षांचा फोन लागला: सी-फॉर्म मे महिन्यानंतर भरलेलाच नाही, आता ते निस्तरायचं आहे. देणगीपेटीला कुलूप लावून वर चिठ्ठी चिकटवली. काका दोन दिवस बोलले नाहीत, मग तिकीट काढलं म्हणून कळवलं, १२ डिसेंबरचं. सौरपंप आणि दगडी बंधारा पुढच्या वर्षी. गोण्यांचे दोन या रविवारी. रिकाम्या गोण्या ८० कमी पडताहेत. लांजा-साखरप्याकडे कोणाचं बांधकाम चालू असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सडेतोड
माझ्याकडे ४० आहेत, पण खताच्या. चालतील का?

पऱ्याकाठची
धुऊन आणा. आणि शिवण उसवलेल्या नकोत.

सडेतोड
शनिवारी संध्याकाळी आणतो. घर कुठलं विचारू?

पऱ्याकाठची
शाळेच्या खाली, विहिरीपाशी. वहीवाल्या मुली दाखवतील.