मदत हवी आहे: पुस्तक समोर उघडं असतं, मन तिथे थांबत नाही (जूनची परीक्षा तोंडावर)

नमस्कार मंडळी,

इथे नेहमी वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. वय 36. नागपुरात राहते: घर मानकापूरला, नोकरी वाडीला. इलेक्ट्रिक सामानाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. सोबत सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) इंटरमीजिएटचा पहिला ग्रुप जूनमध्ये द्यायचा आहे: कायदा, फायनान्शियल अकाउंटिंग, टॅक्स आणि कॉस्टिंग. प्रत्येक पेपर 100 मार्कांचा, तीन तासांचा. पास व्हायला प्रत्येकात किमान 40 आणि एकूण 50 टक्के लागतात. डिसेंबरमध्ये बसले होते, कॉस्टिंगमध्ये 34 मिळाले आणि ग्रुप गेला. विषय कळत नाही असं अजिबात नाही. विषयाजवळ मला टिकता येत नाही, हीच अडचण आहे.

नेमकं काय होतं ते मंगळवारच्या एका गणितावरून सांगते. प्रोसेस कॉस्टिंगचं, म्हणजे एका नगाला किती खर्च आला ते काढायचं, साधं गणित होतं. 1,000 नग टाकले, एकूण खर्च 38,500 रुपये, नॉर्मल लॉस (धरूनच चालायची घट) 5 टक्के, भंगाराचा भाव नगाला 10 रुपये, प्रत्यक्ष माल निघाला 920 नग. नॉर्मल लॉस 50, म्हणून अपेक्षित माल 950, अ‍ॅबनॉर्मल लॉस (त्यापेक्षा जास्तीची घट) 30. इथवर हात भराभर चालला. मग दुसऱ्या दिवशी एका डीलरला पाठवायचं स्टेटमेंट आठवलं. मी उठले नाही, फोनही उचलला नाही, पेन हातातच होतं. भानावर आले तेव्हा वहीवर 38,500 भागिले 950, म्हणजे 40.53 लिहून झालं होतं. भंगाराचे 500 वजा करायचे राहूनच गेले. उत्तर बरोबर 40 यायला हवं होतं. हे गणित मी मुलीला गोष्ट सांगितल्यासारखं समजावू शकते, आणि तरीही चुकले. घड्याळात बघितलं तर चौदा मिनिटं गेली होती. ती चौदा मिनिटं मी कुठे होते?

ऑफिसातही तेच व्हायला लागलं, म्हणून जास्त भीती वाटते. मागच्या महिन्यात छिंदवाड्याच्या एका दुकानदाराच्या बिलावर परराज्यातल्या विक्रीच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लावला. परराज्यातलं बिल आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. 11 तारखेच्या आत रिटर्न भरलं, चूक तशीच गेली, आणि नंतर त्या दुकानदाराचा फोन आला. निस्तरलं सगळं, पण मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचं लक्ष नाही आजकाल." ते लागलं, कारण खरं होतं.

दिवस असा जातो. सकाळी साडेपाचला उठते, डबे, मुलीची शाळा (चौथीत आहे), साडेनऊला स्कूटी काढते. संध्याकाळी सातला घरी. जेवणं आटोपून अभ्यासाला बसेपर्यंत साडेनऊ होतात, साडेअकरापर्यंत बसते. यांची कोराडीला शिफ्ट ड्युटी आहे. रात्रपाळीहून घरी येतात तेव्हा दिवसा घरात आवाज करून चालत नाही, म्हणून रविवारही पूर्ण मिळत नाही. आता एप्रिल संपत आला. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात, कूलर बंद केला तर बसवत नाही आणि चालू ठेवला तर पानं उडतात. पुढे नवतपा (मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) आहे आणि लगेच परीक्षा.

करून पाहिलेले उपाय:

25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी ही पद्धत तीन आठवडे केली. 1980 च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर वापरून ती बसवली, म्हणून तिला पोमोडोरो म्हणतात. कायद्याला चांगली चालली. कॉस्टिंगला नाही, कारण मोठं गणित मनात उभं राहायलाच दहा-बारा मिनिटं लागतात आणि जरा लय आली की टायमर वाजतो.

समईच्या ज्योतीवर त्राटक केलं. कूलरच्या वाऱ्यात ज्योत टिकत नाही, कूलर बंद केला की घामाने जीव जातो. सासूबाईंनी मायेने ब्राह्मीचं सरबत सुरू केलं, दीड महिना घेतलं, काही फरक जाणवला नाही. रात्रीच्या अभ्यासासाठी चहा वाढला, तीनाचे पाच कप झाले. आता बारा वाजून गेले तरी डोळा लागत नाही.

बी.कॉम.ला असताना मी महाल भागात मावशीकडे राहायचे. खालून लग्नाची वरात गेली तरी मान वर होत नव्हती. ती मुलगी आणि मी एकच का, हा प्रश्न रोज रात्री पडतो. हे वयाचं आहे, फोनचं, उन्हाचं, की डॉक्टरकडे जायला हवं? नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी कृपया सांगा. "मनावर घे, जमेल" एवढंच नको, ते मी स्वतःला दिवसातून दहादा सांगते.

प्रतिसाद 1

ताई, मी मिहानमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे. तुमच्या गणिताच्या गोष्टीत मला एक दिसलं. फोनने तुमचं लक्ष तोडलं नाही, डीलरच्या स्टेटमेंटने तोडलं. अर्धवट टाकून आलेलं काम डोक्यात चालूच राहतं. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये हेच दाखवलं. एक काम सोडून दुसऱ्याला लागलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्याला चिकटून राहतो, आणि पहिलं अपुरं असेल तर जास्तच.

मी करतो ते सांगतो. ऑफिसातून निघायच्या आधी दहा मिनिटं कागद घ्यायचा. काय राहिलं, उद्या किती वाजता करणार आणि त्यातलं पहिलं पाऊल कोणतं, एवढं लिहायचं. "स्टेटमेंट बाकी" असं नाही, "सकाळी 10 ला लेजर उघडून मार्चची क्रेडिट नोट तपासणार" असं. कागद ड्रॉवरमध्ये ठेवायचा, घरी आणायचा नाही.

आणि आठवडाभर एक करून बघा. अभ्यासाच्या वहीच्या कडेला, मन गेलं की एक रेघ आणि कुठे गेलं त्याचा एक शब्द. स्वतःला रागवायचं नाही, फक्त नोंद. तुम्ही हिशेबातल्या आहात, तुम्हाला जमेल.

प्रतिसाद 2

मी धंतोलीत प्रॅक्टिस करते. इथे तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण बेटा, आधी रक्त तपासून घे: हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड. तिन्हींच्या कमतरतेत लक्ष लागत नाही, थकवा येतो, आणि बायका महिनोन् महिने स्वतःलाच आळशी म्हणत राहतात. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

झोपेचा हिशेब तूच मांड. बारा ते साडेपाच म्हणजे साडेपाच तास. मोठ्या माणसाला किमान सात लागतात. चहातल्या कॅफिनचं अर्धं प्रमाण उतरायला साधारण पाच तास जातात, त्यामुळे रात्री नऊचा कप मध्यरात्रीनंतरही अंगात असतो. दुपारी तीननंतर चहा बंद कर. वाडी ते मानकापूर या उन्हात स्कूटीवर येतेस, तर घरी आल्यावर आधी पाणी, ताक, पन्हं जे असेल ते पी. अंगातलं पाणी कमी झालं तरी लक्ष टिकत नाही.

एडीएचडीबद्दल (लक्ष न टिकण्याचा, लहानपणापासूनचा विकार) तू विचारलं नाहीस, पण सगळीकडे तेच वाचायला मिळतं म्हणून सांगते. त्याची लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात. वरात गेली तरी तुझी मान वर होत नव्हती, हे लक्षात ठेव. मन फारच खचलं, रडू येत राहिलं तर 14416 वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

प्रतिसाद 3

ताई, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सायलेंटवर पालथा ठेवून भागत नाही. टेक्सास विद्यापीठाच्या लोकांनी 2017 मध्ये प्रयोग केले होते. फोन बाहेरच्या खोलीत असलेल्यांचं काम टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा चांगलं झालं. नंतरच्या काही प्रयोगांत फरक इतका ठळक दिसला नाही, पण माझ्यापुरता मला दिसला.

मी दोन वर्षं अभ्यासिकेत काढली. वाचत बसलो की मन भटकतं, पुस्तक मिटून आठवायला लागलो की भटकायला जागाच उरत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग आहे. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने न बघता लिहून काढणारेच पुढे गेले. कायद्याची कलमं अशीच करा. आणि सकाळचा अभ्यास सुरू करा बाप्पा, नागपूरच्या उन्हाळ्यात रात्री कोणाचं डोकं चालते?

धागाकर्ती, बारा दिवसांनंतर

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला, त्यांनीच दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेलं. हिमोग्लोबिन 9.4 निघालं, बी-12 ही कमी. गोळ्या सुरू झाल्या. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं, त्यामुळे सकाळचा एक कप आपोआपच सुटला. थकवा अजून आहे, एवढ्यात जायचा नाही म्हणाले.

मिहानवाल्या दादा, नऊ दिवस रेघा मारल्या. एकूण 63. मला वाटायचं फोन आणि मुलगी हीच कारणं असतील. मुलीच्या रेघा फक्त सहा आहेत. तिच्यावर मी किती वेळा उगाच ओरडले, ते वाचताना आठवत होतं. 38 रेघांपुढे एकच शब्द आहे: "ऑफिस". त्यातही छिंदवाड्याचं ते बिल अकरा वेळा. चूक निस्तरून महिना झाला, दुकानदार विसरला असेल, मी मात्र रोज रात्री ते बिल नव्याने बनवत होते. ड्रॉवरमधला कागद पाच दिवसांपासून लिहिते. चौथ्या दिवशी "ऑफिस"च्या दोनच रेघा होत्या, पाचव्या दिवशी पुन्हा पाच.

काल रात्री दहालाच झोपले, सकाळी साडेचारला उठले. खिडकी उघडी, कूलर बंद, बाहेर कोकीळ. फोन सासूबाईंच्या खोलीत. पुस्तकातलं बघितलं नाही, तेच गणित कोऱ्या पानावर आठवून मांडलं. 38,500 वजा 500, भागिले 950. चाळीस. अ‍ॅबनॉर्मल लॉस 30 गुणिले 40, बाराशे. एकही रेघ नाही. मुलगी उठून शेजारी येऊन बसली, तिलाही दाखवलं.

आता एक अडचण उरली आहे. सकाळचा निवांत वेळ एकच तास मिळतो, साडेपाचनंतर अर्धं लक्ष गॅसवर असतं. तो वेळ रोज कॉस्टिंगलाच द्यावा आणि कायदा, टॅक्स ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत आठवून लिहावेत, की एक दिवसाआड विषय बदलावा? यांची पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आहे, सकाळी आठला येतात, तेव्हा वेळापत्रक पुन्हा हलणार. शिफ्टच्या घरात राहून परीक्षा दिलेलं कोणी आहे का इथे?