मदत हवी आहे: 'पॉझिटिव्ह'ला मराठी शब्द (तातडीचं!)

टाचणी: 'पॉझिटिव्ह'ला नेमका मराठी शब्द कोणता? 'सकारात्मक' नको, साहेबांनी लाल शाईने खोडलाय. पाचला छपाईला द्यायचंय.

कंपोझिटर: वाक्य टाका. बॅटरीचं टोक असेल तर 'धन', उत्तर असेल तर 'होकारार्थी', पुरावा असेल तर 'ठोस'. 'आय ॲम पॉझिटिव्ह' असेल तर 'माझी खात्री आहे'.

अनुस्वार: साहेबांचं बरोबर आहे. नकार म्हणजे 'न' हे अक्षर, तसा सकार म्हणजे 'स' हे अक्षर. त्याचा 'हो' म्हणण्याशी संबंध काय? नकारासमोर होकार, म्हणून 'होकारात्मक'.

कंपोझिटर: 'होकारात्मक कर्मचारी' म्हटलं की नंदीबैल दिसतो. सकारात्मक रुळलाय, राहू द्या.

वर्गमूळ: शून्य धनही नाही, ऋणही नाही. धन पूर्णांक १ पासून. यात बरेच जण चुकतात.

टाचणी: गणित कुणी विचारलंय? कर्मचाऱ्यांच्या वार्षिक मूल्यमापनाचा तक्ता आहे. रकाना 'पॉझिटिव्ह ॲटिट्यूड'.

कंपोझिटर: हे आधी सांगायचं ना! 'विधायक वृत्ती' लिहा. विधायक म्हणजे घडवणारं, उलट विघातक.

सीमाभाग: हिंदीत विधायक म्हणजे आमदार. हिंदी भाषक कर्मचारी असतील तर हसतील.

कंपोझिटर: तक्ता मराठी आहे. 'विधायक टीका' वाचून कुणी आमदार शोधत नाही.

पिंपळपान: शब्द कुठलाही घाला, गुण देणारा अडखळणारच. हसतमुखाला पाच, प्रश्न विचारणाऱ्याला दोन, असंच होतं. त्यापेक्षा डोळ्यांना दिसेल ते लिहा: 'अडचण सांगताना उपायही सुचवतो', 'चूक दाखवली की दुरुस्त करतो'. पुढे नेहमी / बऱ्याचदा / क्वचित.

टाचणी: रकाना दीड इंचाचा आहे हो. आणि सोबतच्या वैद्यकीय फॉर्मात 'टेस्ट पॉझिटिव्ह' आहे, तिथेही विधायक?

कंपोझिटर: अजिबात नको! 'सकारात्मक'ही नको, वाचणारा पेढे वाटेल. कशाची चाचणी ते लिहून 'आढळले / आढळले नाही' असे दोन चौकोन ठेवा. उदाहरणार्थ, 'थुंकीत क्षयाचे जंतू: आढळले / आढळले नाहीत'.

पिंपळपान: रकाना अरुंद असेल तर वर 'वृत्ती' एवढंच ठेवा, वाक्यं मागच्या पानावर तळटीप म्हणून.

अनुस्वार: कुठे 'दृष्टीकोन' छापलं असेल तर तेही सुधारा. दृष्टी एकटी असताना दीर्घ, समासात आधी आली की ऱ्हस्व: दृष्टिकोन. वृत्ती शेवटी आहे, म्हणून 'मनोवृत्ती' दीर्घच. आणि सकारात्मक चूकच आहे.