मदत हवी आहे : सुपरव्हायझर महिन्यातून एकदाच, मधल्या दिवसांत एआय चॅटशी केस बोलावी का?

वारणाकाठ
सांगलीत समुपदेशन करते. उत्तर आजच हवंय, उद्या अकराला सेशन आहे. पाच सेशन झाली तरी एक केस जागची हलत नाही. सुपरव्हायझर (माझ्या केसेस ऐकून मार्गदर्शन करणाऱ्या ज्येष्ठ समुपदेशक) पुण्याच्या, त्यांची भेट अजून सोळा दिवसांनी. काल रात्री नोट्स चॅटजीपीटीत टाकल्या. उत्तर चांगलं आलं, पण नंतर झोप लागली नाही. असं चालतं का? कुणी वापरतं का? "एआय वाईटच" एवढंच सांगायचं असेल तर कृपया नको.

मिरजकर७
नोट्स म्हणजे नेमकं काय टाकलंत? नावासकट? क्लायंटला माहीत आहे का? तुमचं शिक्षण?

मास्तर_कराड
ताई, ताण आला असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. माझ्या भाच्याला उपयोग झाला.

वारणाकाठ
मास्तर, आभार, पण प्रश्न माझ्या ताणाचा नाही.
मिरजकर, नाव अजिबात टाकलं नाही. फक्त वय, तालुका, [संपादित] चा धंदा, भावांचा वाद आणि गेल्या वर्षीचा प्रसंग. एम.ए. आणि डिप्लोमा. क्लायंटला सांगितलेलं नाही.

मिरजकर७
प्रतिसाद संपादित केलात, बरं झालं. मी वाचला तेव्हा तालुका आणि धंद्यावरून दोन घरं डोळ्यांसमोर आली होती. आपल्याकडं नाव काढून माणूस लपत नाही हो. २०१९ च्या पुरानंतर मी एका केसबद्दल "हळदीचे अडते, गोदाम पाण्यात गेलं, मुलगा परदेशात" एवढंच लिहून सुपरव्हिजनला नेलं होतं. सुपरव्हायझरांनी दुसऱ्या वाक्याला थांबवलं, म्हणाले, "यांना मी ओळखतो." त्या दिवसापासून मी धंदा, गाव आणि नात्यांची संख्या बदलूनच लिहितो.
मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २३ वाचा. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

एमफिल_सातारा
डिप्लोमावाल्यांनी अशा केसेस घ्याव्यात का, हा खरा प्रश्न आहे. आम्ही आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी घेऊन बसलोय.

मिरजकर७
तो वेगळा धागा काढा. जत-आटपाडीत तुमच्यापैकी किती जण बसतात, तेही तिथं लिहा.

पोवईनाका
मी रोज वापरते, बिनधास्त वापरा. फक्त केस सांगायची नाही, स्वतःबद्दल सांगायचं. मी असं लिहिते : "समोरचा गप्प बसला की मला घाई होते, मी सल्ले देऊ लागते. मला उत्तर देऊ नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार, आणि माझी कुठं चूक होत असेल ते शोध." शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर ते आपल्या होला हो करत राहतं. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या कंपनीला, ओपनएआयला, एक अपडेट मागं घ्यावं लागलं होतं, कारण चॅट लोकांची फारच हांजी हांजी करू लागला होता. काल तुम्हाला आलेलं "चांगलं उत्तर" त्या दृष्टीनं परत वाचा.

मिरजकर७
इथं मी सहमत नाही. चॅटला आपण लिहू तेवढंच दिसतं. जे टाळलं ते लिहिलेलंच नसतं, आणि सुपरव्हिजन त्याच्यासाठीच असतं. माझ्या सेशनचं रेकॉर्डिंग (क्लायंटच्या लेखी संमतीनं केलेलं) ऐकून सुपरव्हायझर मॅडमनी विचारलं होतं, "वडिलांचा विषय निघाला की तुम्ही भरभर का बोलता?" हे माझ्या नोट्समध्ये कधीच आलं नसतं.

पोवईनाका
मान्य. पण मॅडम महिन्यातून एकदा. उरलेल्या एकोणतीस रात्री काय करायचं? मी त्या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहिते आणि वही मॅडमपुढं ठेवते. भेटीतल्या पहिल्या वीस मिनिटांची बचत होते.

जुनासंगणक
१९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा संवाद साधणारा प्रोग्राम केला. त्याला काही समजत नाही हे ठाऊक असूनही त्यांच्या सेक्रेटरीनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं, म्हणजे तिला मोकळेपणानं बोलता यावं. तेव्हा माणसं यंत्रापाशी मन मोकळं करणारच, त्यात लाज नाही.

मास्तर_कराड
सकाळी दहा मिनिटं आनापान (श्वासाकडं लक्ष देण्याचं ध्यान) करून पाहा. मन स्थिर झालं की केस आपोआप सुटते.

वारणाकाठ
पोवईनाका, तुमच्या पद्धतीनं आत्ताच करून पाहिलं. केसबद्दल एक अक्षर टाकलं नाही. चौथा प्रश्न आला, "हा माणूस बोलतो तेव्हा तुम्हाला कुणाची आठवण येते?" उत्तर मला लगेच सुचलं. ते तिथं लिहावंसं वाटलं नाही, इथंही लिहीत नाही. पाच सेशनच्या नोट्स परत चाळल्या, त्या गोष्टीचा कुठंही उल्लेख नाही. मिरजकर, तुम्ही म्हणालात तेच.
कालचं चॅट डिलीट केलंय.

मिरजकर७
डिलीट केलं तरी कंपनीकडून ते लगेच पुसलं जात नाही, साधारण ३० दिवस धरा. सेटिंगमध्ये आपला मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणाला वापरू देण्याचा पर्याय असतो, तोही बंद करा. आणि सोळा दिवस थांबू नका. आज फोन लावा.

वारणाकाठ
लावला. रात्री नऊला अर्धा तास देतायत. कालच्या नोट्सचं उद्या क्लायंटला कोणत्या शब्दांत सांगायचं, तेही त्यांनाच विचारते.