मदत हवी आहे: बँक्सियाची दोन रोपं गेली, तिसरं पिवळं पडायलंय

नमस्कार मंडळी, जुळे सोलापूरला राहतो, गच्चीवर शंभरेक कुंड्या आहेत, जास्वंद मोगरा लिंबू सगळं झकास चाललंय त्यामुळे मी अगदीच नवशिका नाही, पण या ऑस्ट्रेलियन पाहुण्यानं नाक कापलंय माझं.

लेक पर्थला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा बँक्सिया बघितला, कणसाएवढं फूल, बाटली घासायच्या ब्रशसारखं, आणि काही जातींची बोंडं म्हणे वणवा लागल्याशिवाय उघडतच नाहीत. डोक्यातच बसलं. इकडे आल्यावर ऑनलाइन इंटेग्रिफोलिया जातीच्या बिया मिळाल्या, मागच्याच्या मागच्या डिसेंबरात पेरल्या, महिना उलटला तरी काही नाही, मी नाद सोडला आणि मग तीन उगवल्या.

गेल्या दिवाळीत १२ इंची कुंडीत लावली. अर्धी शेतातली काळी माती, अर्धं शेणखत, वर मूठभर बोनमील (हाडांचा चुरा). पाणी बोअरचं. वाढ दिसेना म्हणून महिन्याला चमचाभर डीएपी खत दिलं. फेब्रुवारीत एकाच्या पानांच्या कडा करपल्या, मला वाटलं ऊन लागलं, शेडनेट बांधलं, तरी गेलं. मार्चमध्ये दुसरं. आता तिसऱ्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. पारा ४२ वर आहे. अजून खत देऊ का? कुणी इकडच्या मातीत जगवलंय का हे झाड?

प्रतिसाद

काका, आधी ते डीएपी कुलपात ठेवा! ऊन नाही, फॉस्फरसनं मारलंय. डीएपी म्हणजे १८:४६:०, त्यातला ४६ हा आकडा फॉस्फरसचा, आणि बोनमीलमध्येही तेच. ऑस्ट्रेलियातली जमीन फार जुनी, धुऊन निघालेली, तिच्यात फॉस्फरस नावालाच, म्हणून बँक्सियाची मुळं बारीक झुपके करून कणकण ओढून घेतात. समोर ढीग टाकला तरी ओढतच राहतात, थांबणं त्यांना जमत नाही.

पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा आहे. काळ्या मातीत चुनखडी असते, बोअरचं पाणी क्षारांचं, जड, त्यामुळे लोह असून झाडाला मिळत नाही, वरून फॉस्फरस. ईडीडीएचए वालं चिलेटेड आयर्न (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) आणा, ईडीटीए वालं स्वस्त पडतं पण चुनखडीत टिकत नाही. खरा इलाज माती बदलणं. जाड वाळू किंवा चाळलेला बिनचुनखडीचा मुरूम दोन भाग, कोकोपीट एक भाग, शेणखत शून्य. पण आत्ता ४२ मध्ये हात लावू नका, पहिला पाऊस पडून गारवा आला की करा. तोवर डीएपी-बोनमील बंद, सकाळचंच ऊन.

जात मात्र नशिबानं बरी मिळालीय. पर्थकडचा पाऊस हिवाळ्यातला, त्यामुळे तिकडच्या जातींची मुळं आपल्या ऊबदार पावसाळ्यात कुजतात. इंटेग्रिफोलिया पूर्व किनाऱ्यावरची, तिला उन्हाळी पावसाची सवय आहे. चहा-कॉफीच्या मळ्यात सावलीला लावतात तो सिल्व्हर ओक याच कुळातला, तोही तिकडूनच आलेला.

मूळ प्रश्नकर्ता

अरे देवा, म्हणजे लाडानंच मारली की दोघांना. घरात वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, पोरांचंही असंच केलंत. बोनमील वरच होतं, आज वरची दोन इंच माती खरवडून काढली. टाकीत पावसाचं पाणी साठवायची सोय करतो, पण पाऊस यायला महिना-दीड महिना आहे, तोवर बोअरच्या पाण्यात लिंबू पिळून दिलं तर चालेल का? आणि माती बदलताना मुळांची जुनी काळी माती धुऊन काढायची की गोळा तसाच ठेवायचा? जास्वंदाची तर मी खुशाल धुतो.

प्रतिसाद

धुऊ नका काका! ते झुपके नाजूक, तुटले की झाड बसलं. बाहेरची सैल माती अलगद पाडा, मधला गोळा राहू द्या. लिंबू बादलीला अर्धं चालेल, पण एसीचं बिनक्षाराचं पाणी मिळत असेल तर तेच धरा.

मूळ प्रश्नकर्ता

एसी शेजाऱ्यांकडे आहे. नळी आमच्याच गच्चीवर टपकते, रोज भांडायचो त्यावरून. उद्या बादली लावतो.