जागेवर परतलेले पुस्तक
ग्रंथालयाच्या स्वयंसेवकांना वर्षातून एकदा प्रमाणपत्र देऊन गौरवावे, ही सूचना योग्यच आहे. मात्र गौरव करताना प्रत्येकाचे नेमके काम सांगितले जावे, असे मला वाटते. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये मांडलेल्या दशांश वर्गीकरणात (विषयानुसार पुस्तकांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत) प्रत्येक पुस्तकाचे स्थान क्रमांकाने ठरते, आणि ते स्थान सोडून भलतीकडे गेलेले पुस्तक नोंदवहीत असूनही वाचकाच्या दृष्टीने हरवलेलेच असते. कपाटामागून कपाट तपासून ते पुन्हा जागेवर लावणारा स्वयंसेवक (हे काम कमालीचे कंटाळवाणे आहे) सहसा कोणाच्याही नजरेस पडत नाही. मुलांना गोष्टी वाचून दाखवणारे निदान दिसतात तरी. अंथरुणाला खिळलेल्या वाचकांना घरपोच पुस्तके देणाऱ्यांचीही नोंद प्रमाणपत्रावर ‘बहुमोल सहकार्य’ अशा मोघम शब्दांऐवजी स्पष्टपणे व्हावी.