सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा ऑनलाइन आलाय, दुसरीच्या पोरांकडून काय करून घ्यायचं?

कागदकात्री
नमस्कार मंडळी, मी दुसरीला शिकवते. डिसेंबरच्या सुट्ट्या लागायच्या आधीचा आठवडा यंदा पूर्ण ऑनलाइन आहे, शाळेच्या बिल्डिंगमध्ये काम निघालंय म्हणून. एरवी हा आठवडा म्हणजे वर्गभर कागदाचे कपटे, बोटांना डिंक, बेंचवर चमकी आणि त्यातच थोडं वाचन थोडं गणित उरकायचं, पोरंही खूश मीही खूश. आता स्क्रीनवर हे कसं जमवायचं? वरून सांगितलंय की सुट्टीचं वातावरण असू दे पण अभ्यास बुडायला नको, म्हणजे नेहमीचंच. मी स्लाइड्स करायला घेतल्यात, ख्रिसमसच्या झाडावर गोळे ओढून लावायचे, प्रत्येक गोळ्यावर एक बेरीज वगैरे. पण त्यात प्रचंड वेळ जातोय आणि पोरं ते बघता बघता संपवतील असं वाटतंय. काही जण टॅबवर असतात, दोघं-तिघं भावंडांसोबत एकच डिव्हाइस वाटून घेतात. कोणी लहान वर्गाला ऑनलाइन असं काही केलं असेल तर जरा सविस्तर सांगा ना.

जुनी_बाई
ताई, स्लाइड्सचं काम आधी थांबवा. सात वर्षांच्या पोराला बोटाने गोळा ओढण्यात फारतर पहिल्या मिनिटाची मजा, नंतर ते शेजारची टॅब उघडतं. ऑनलाइनमध्ये लहान मुलांचं तेच टिकतं ज्यात हात स्क्रीनबाहेर कामाला लागलेले असतात आणि स्क्रीन फक्त दाखवायला आणि बोलायला असते.

कागदी हिमकण घ्या, पण नीट घ्या, कारण त्यात अख्खा गणिताचा तास बसतो. पोरं नेहमी चौकोनी कागद अर्धा, परत अर्धा असा दुमडत जातात आणि मग चार नाहीतर आठ हातांचा हिमकण निघतो. खऱ्याला असतात सहा, कारण बर्फ होताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. तर वाटी उपडी ठेवून गोल काढायचा, कापायचा, अर्धा दुमडायचा, मग त्या अर्ध्या गोलाचे तीन सारखे भाग करून एकावर एक आणायचे आणि शेवटी मधोमध अजून एक घडी. बारा पदर होतात म्हणून कागद पातळच हवा, जाड असला की लहान कात्री चालत नाही आणि मग रडारड. हे तीन सारखे भाग पोरांना पहिल्या झटक्यात जमत नाहीत, तिथेच थांबा, घाई नको, एकतृतीयांश म्हणजे काय ते तिथेच कळतं. आणि एक सूचना आधीच देऊन ठेवा, घडीची पूर्ण कड कापून टाकायची नाही, नाहीतर उघडल्यावर हातात नुसते तुकडे. उघडण्याआधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा, हे भोक उघडल्यावर किती ठिकाणी दिसेल? मग सगळ्यांनी एकदम उघडायचं. तो क्षण स्क्रीनवरसुद्धा वर्गासारखाच वाटतो, खरंच.

वाचनाला हवं असेल तर विल्सन बेंटलीची गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगा. अमेरिकेतल्या व्हर्माँटमधला शेतकरी, १८८५ मध्ये मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून त्याने एकेका हिमकणाचे फोटो काढले आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांच्या वर काढले. पोरांना शेतकरी आणि मायक्रोस्कोप ही जोडी फार आवडते.

दोन_पोरांची_आई
मी टीचर नाही, पालक म्हणून लिहितेय, राग मानू नका. या आठवड्यात प्लीज प्रिंट काढायला लावू नका!! मागे एका शाळेने सुट्टीच्या थीमच्या नावाखाली रोज एक पीडीएफ पाठवली होती, रंगीत प्रिंट काढा, लॅमिनेट करा, वेल्क्रो लावा. वेल्क्रो?? मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आणि इकडे पोरगं ओरडतंय की माझ्याकडे हिरवा फेल्ट नाहीये. शेवटी ते सगळं मीच करत बसले रात्री, मग पोराने काय शिकलं?

कागद, पेन्सिल, कात्री, एवढ्यावर होईल तेच द्या आणि काय लागणार ते आदल्या दिवशी एका ओळीत कळवा. आणि ते शोधून आणा वाला खेळ घेणार असाल तर सुट्टीची सजावट दाखवा, झाड दाखवा, गिफ्ट दाखवा असं नको. काहींच्या घरी तो सण नसतो, काहींच्या घरी यंदा गिफ्टच नसतं आणि सगळे कॅमेऱ्यात बघत असतात. त्यापेक्षा काहीतरी मऊ आणा, काहीतरी चमकणारं आणा, तुमच्यापेक्षा वयाने मोठी असलेली घरातली वस्तू आणा. या शेवटच्याला आमच्या धाकट्याने आजोबांनाच हाताला धरून आणलं होतं 😄 टीचरनी मग त्यांनाच दोन प्रश्न विचारले, मस्त झालं.

वायफाय_गेलं
वरच्या दोघींना अनुमोदन. मी टेक्निकल बाजू सांगतो, शाळेत हेच निस्तरतो.

हात दाखवायचे असतील तर पुस्तकांच्या थप्पीवर फोन आडवा ठेवा, कॅमेरा खाली टेबलाकडे, आणि फोनवरून त्याच मीटिंगला दुसरे म्हणून जॉइन व्हा. फक्त फोनचा ऑडिओ जोडूच नका, नाहीतर अशी शिट्टी वाजते की अर्धा वर्ग कानावर हात ठेवतो. समोरून हातात धरून घडी दाखवली तर पोरांना तुमचं डावं-उजवं उलटं दिसतं, वरून दाखवलं की तो घोळ नाही.

झूमवर स्वतःचा व्हिडिओ आरशासारखा दिसतो, म्हणून पोरगं कागदावर नाव लिहून धरतं आणि म्हणतं माझं उलटं आलंय. समोरच्यांना ते सरळच दिसत असतं. हे आधी सांगून टाका, दहा मिनिटं वाचतील.

स्लाइड्स वापरणारच असाल तर एकच फाइल सगळ्यांना एडिटला देऊ नका, कोणीतरी दुसऱ्याचा गोळा डिलीट करणार आणि भांडण तुम्ही सोडवणार. गूगल क्लासरूममध्ये असाइनमेंट देताना प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी कॉपी असा पर्याय असतो तो निवडा. आणि एकच फाइल दिलीच असेल तर व्हर्जन हिस्ट्रीतून जुनं परत आणता येतं, घाबरू नका.

उगाच_एक_मत
सरळ सुट्टी द्या की. त्या आठवड्यात कोण शिकतंय.

जुनी_बाई
@उगाच_एक_मत, शिकतात हो, फक्त वर्कशीटवर दिसत नाही. आणि दोघं नोकरीला असलेल्या घरात तो आठवडा पोराला कोण बघणार तेही सांगा मग.

पाटीवरचा_खडू
थोडी भर. डिसेंबरमध्ये सण बरेच असतात, सगळ्यांना एका झाडाखाली बसवायची गरज नाही, पण प्रत्येक सणाची एक स्लाइड आणि एक रंगवायचं चित्र यालाही अर्थ नसतो. त्यातलं गणित घ्या. हनुका या ज्यू लोकांच्या सणाच्या आठ रात्री असतात, पहिल्या रात्री एक मेणबत्ती, दुसऱ्या रात्री दोन अशा वाढत जातात आणि त्या पेटवायला रोज एक जादा. तर आठ रात्रींत एकूण मेणबत्त्या किती लागतील? उत्तर ४४. दुसरीचं पोर चित्र काढून, रेघा मारून तिथपर्यंत पोचतं, आणि काही जण पहिल्या रात्रीच्या २ आणि शेवटच्या रात्रीच्या ९ अशा जोड्या लावून ११, ११ करत जातात. कोणी कसं केलं ते एकमेकांना समजावू द्या, ब्रेकआउट रूममध्ये (मीटिंगमधले छोटे वेगळे गट) नको, या वयात तिथे मोठं माणूस नसलं की नुसता गोंधळ, सगळ्यांसमोरच.

शिवाय सावल्या. उत्तर गोलार्धात असाल तर २१ डिसेंबरच्या आसपास दुपारची सावली वर्षातली सगळ्यात लांब असते. फक्त आठवडाभर रोज मोजायला लावलंत तर फरक जवळपास दिसणारच नाही आणि पोरं हिरमुसतील. त्यापेक्षा एकाच दिवशी खिडकीत बाटली ठेवून दर तासाला सावलीच्या टोकाला खूण करायला सांगा. ते स्क्रीन बंद करून करायचं काम आहे, तेवढाच डोळ्यांना आराम. ढग आले तर दुसऱ्या दिवशी.

आणि सांताबद्दल कोणीतरी अनम्यूट होऊन तो खोटा असतो हे जाहीर करणारच. मागे चार घरचे आईबाप ऐकत असतात. मी काही बोलत नाही, तुमच्या घरी काय म्हणतात ते घरी विचारा म्हणते आणि पुढे सरकते.

कागदकात्री
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू! झाडाची स्लाइड बाजूला ठेवली. हिमकण एक दिवस, मेणबत्त्या एक दिवस, सावली एक दिवस, शोधून आणा रोज सुरुवातीला पाच मिनिटं, आणि पालकांना आजच लिहिते की प्रिंट काहीही लागणार नाही. भावंडांसोबत डिव्हाइस वाटून घेणाऱ्यांसाठी घडी घालण्याचा छोटा व्हिडिओ आधीच करून ठेवीन म्हणजे ते नंतर बघून करतील. एकच राहिलं, शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायची आमच्या वर्गाची पद्धत आहे. ते ऑनलाइन होईल का?

वायफाय_गेलं
सगळे अनम्यूट करून नाही होणार. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो, शिवाय सॉफ्टवेअर एका वेळी एकालाच पुढे आणतं, त्यामुळे नुसता कल्ला ऐकू येतो. सगळ्यांना म्यूट करा, गाणं तुमच्याकडून वाजवा, शेअर करताना कॉम्प्युटरचा साउंड शेअर करा या खुणेवर टिक करायला विसरू नका, आणि पोरांना घरी मोठ्याने म्हणू द्या. त्यांना स्वतःचा आवाज आणि तुमचं गाणं ऐकू येतं, तुम्हाला फक्त हलणारी तोंडं दिसतात. किंवा एकेका ओळीला एकेक जण अनम्यूट, पण मग यादी आधी लावून ठेवा आणि नेट गेलेल्याच्या जागी कोण म्हणणार तेही.

दोन_पोरांची_आई
आणि वेळ आधी कळवा प्लीज, त्या वेळेला मी मीटिंग ठेवणार नाही.